फुकट कोण खातं? रोजगार हमीची गोष्ट



एक वाक्य हल्ली आमच्या कानावर सारखं पडतं. गिरणीत दळण टाकायला जा, एसटीत बसा, नाहीतर कुणाच्या हळदीकुंकवाला जा. कुणीतरी म्हणतंच, "बायकांना घरबसल्या पैसे मिळायला लागले, आता खुरपायला कोण येणार?" लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये खात्यावर यायला लागले तेव्हापासून हे बोलणं वाढलं. ती योजना बरी की वाईट, यावर आज आम्ही बोलणार नाही. त्यावर घरोघरी बोलणं चालूच आहे. आज आम्ही त्या वाक्यामागच्या 'फुकट' या शब्दाची जुनी गोष्ट सांगणार आहोत. कारण गरिबाला सरकारने काही दिलं की तो आळशी होतो, ही तक्रार लाडक्या बहिणीपासून सुरू झालेली नाही. आपल्या पणजीच्याही आधीपासून ती चालत आलेली आहे. आणि गंमत म्हणजे, दिवसभर उन्हात खडी फोडणाऱ्या बाईलासुद्धा ती चुकली नाही.

दीडशे वर्षं मागे जाऊ. १८७६ साली पाऊस गेला आणि दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. पुणे, सोलापूर, नगर, सातारा, विजापूर या भागांत माणसं आणि जनावरं दोन्ही मरू लागली. सरकारने रस्ते, तलाव अशी कामं काढली आणि लोक त्यांवर मजुरीला गेले. त्या वेळी रिचर्ड टेंपल नावाचे एक बडे अधिकारी होते. तीन वर्षांपूर्वी बिहारात दुष्काळ पडला तेव्हा याच टेंपलसाहेबांनी ब्रह्मदेशातून तांदूळ मागवला होता, सढळ हाताने खर्च केला होता आणि माणसं वाचवली होती. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळायला हवी होती. मिळाली ती टीका. एवढा पैसा उधळला कशाला, असं वरच्यांनी आणि वर्तमानपत्रांनी विचारलं. म्हणून १८७७ च्या जानेवारीत ते इकडे पाहणीला आले, ते हात आखडूनच. त्यांनी मजुरी कमी करायला सांगितली. दिवसाला साधारण एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी धान्याची किंमत आणि वर मीठमिरचीपुरती चिल्लर. बायकांना आणि पोरांना त्याहूनही कमी. अर्धा किलोलाही कमी धान्यावर दिवसभर माती उपसायची म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही समजावून सांगायची गरज नाही.

यावर लोकांनी काय केलं? ते काम सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संपच होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारला अर्जांमागून अर्ज पाठवले. तरीही, जे काम सोडून गेले त्यांना गरजच नसेल, असा उलटा अर्थ काढणारे अधिकारी होते. बघा हं, काम मागायला गेला तर आळशी आणि काम सोडलं तर गरज नाही. दोन्हीकडून गरीबच खोटा.

त्याच वर्षी सावित्रीबाई फुले जुन्नरकडच्या ओतूरला होत्या. २० एप्रिल १८७७ ला तिथून त्यांनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाची हकिकत आहे. सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम काढला आणि मुलांना जेवू घातलं. त्या पोरांना कुणी त्यांच्या आईबापाच्या कष्टांचा दाखला मागितला नाही.

दुष्काळानंतर सरकारने आयोग नेमला. १८८० साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून पुढे इलाख्याइलाख्यात 'फॅमिन कोड' म्हणजे दुष्काळ संहिता तयार झाल्या. कामं कधी काढायची, मजुरी किती द्यायची, अपंग-म्हाताऱ्यांचं काय करायचं, हे सगळं त्यांत लिहिलं गेलं. ही मोठीच गोष्ट होती. पण तिच्या पोटात संशय होता. धडधाकट माणसाला फुकट द्यायचं नाही, काम कष्टाचं ठेवायचं आणि मजुरी जेमतेम जगण्याएवढीच ठेवायची. म्हणजे खराच अडलेला असेल तोच येईल. याला ते कसोटी म्हणत.

१८९६-९७ ला पुन्हा दुष्काळ आला. तेव्हा लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून शेतकऱ्यांना सांगितलं की या संहितेत तुमच्यासाठी तरतुदी आहेत, त्या मागा. सार्वजनिक सभेची माणसं संहितेतली माहिती मराठीत घेऊन गावोगाव हिंडली. सरकारला ते खपलं नाही. १८९७ मध्ये त्यांनी सभेची मान्यताच काढून घेतली. सरकार स्वतःहून मदत देतं तेव्हा ती दया असते. लोक नियमावर बोट ठेवून मागायला लागले की सरकारला राग येतो. हे तेव्हाचं झालं. आजचं तुम्ही ताडून पाहा.

आता येऊ आपल्या आई-आजीच्या काळात, बहात्तरच्या दुष्काळाकडे. १९७० पासूनच पाऊस डोळे वटारत होता. १९७२ ला त्याने पाठच फिरवली. विहिरी आटल्या, दावणी रिकाम्या झाल्या. लोकांनी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. कामावर सुकडी वाटली जायची, तिची चव आजही जुन्या बायकांच्या जिभेवर आहे. सरकारने मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती आणि मुख्य म्हणजे खडी फोडणं. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या, मुंबई धरून, पाच कोटी होती. म्हणजे दहातलं एक माणूस हातात टिकाव नाहीतर डोक्यावर पाटी घेऊन उभं होतं.

आणि त्यांत बाया किती होत्या! एरवी परक्याच्या बांधावर मजुरीला न जाणाऱ्या घरांतल्या बायकासुद्धा पदर पुढे ओढून खडीवर बसल्या. ज्यांच्या घरी कालपर्यंत दोन गडी राबत होते, त्या घरची सून गड्याच्या बायकोशेजारी बसून दगड फोडत होती. गावात कोण मोठं आणि कोण धाकटं, याचा हिशेब त्या वर्षी थोडा तरी ढिला झाला. दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी मोर्चे काढले, मजुरी वेळेवर मिळावी म्हणून तहसीलवर ठिय्या दिला. त्यांतही बाया पुढे होत्या.

हे सगळं चालू असताना एक वेगळा विचार महाराष्ट्रात रुजत होता. दुष्काळ पडला की काम काढायचं आणि पाऊस पडला की बंद करायचं, असं का? दुष्काळ नसतानाही मजुराच्या घरी चूल पेटवण्याची चिंता असतेच की. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते, गांधीविचारांचे होते. १९६५ पासून ते हा विचार मांडत होते की जो हात काम मागेल त्याला काम देण्याची हमी सरकारने घ्यावी. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर भागात त्याचा प्रयोगही झाला. १९७१ साली पुण्याचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचं भारतातल्या गरिबीवरचं पुस्तक आलं. त्यांनीही सार्वजनिक कामं काढून गरिबांना रोजगार द्यावा असं सुचवलं होतं. १९७२ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना राज्याने रोजगार हमी योजना जाहीर केली. दुष्काळी कामं संपल्यावर तिने जोर धरला. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

या कायद्यात काय होतं ते नीट ऐका, कारण टेंपलसाहेबांच्या काळापासून इथवर किती अंतर चाललो ते त्यातून कळतं. खेड्यातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं, तर १५ दिवसांच्या आत ते द्यायचं. नाही देता आलं तर बेकारी भत्ता द्यायचा, तो दिवसाला किमान एक रुपया. रक्कम हास्यास्पद होती, ती मिळालीही क्वचितच. पण कागदावर सरकारने पहिल्यांदा मान्य केलं की काम न देणं ही आमची चूक आहे, तुमची नाही. बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचा दर एकच. कामावर प्यायचं पाणी, सावली, औषधाची पेटी आणि लहान मुलांना सांभाळायची सोय असायलाच हवी. तू गरीब आहेस का, जमीन किती, नवरा काय करतो, असलं काही विचारायचं नाही. काम मागितलं एवढं पुरे.

का विचारायचं नाही? कारण जी बाई चार मैल चालून जाते, दिवसभर पाट्या वाहते आणि मोजमापावर ठरेल तेवढीच मजुरी घेते, तिच्या गरजेचा आणखी दाखला काय हवा? दुसरं बरं काम असेल तर वैशाखात कोण जाईल?

बरं, पैसा कुठून आला? इथे एक गोष्ट लक्षात ठेवा आणि शहरात नोकरी करणाऱ्या तुमच्या भावाला, जावयाला सांगा. त्यांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. वर्षाचे होतात २५००. तो व्यवसाय कर. १९७५ साली महाराष्ट्राने तो बसवला, तो रोजगार हमीसाठी. महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बायकांना २०२३ पासून तो माफ आहे. त्याच्या जोडीला मोटारगाड्यांवरच्या कराचा, विक्रीकराचा आणि बागायती जमिनीवरच्या आकारणीचा काही भाग होता. जेवढा कर गोळा होईल तेवढीच भर सरकारने आपल्या खजिन्यातून घालायची. शहराच्या पगारातून खेड्याच्या मजुरीला पैसा जावा, असं कायद्यानेच ठरवून दिलं.

शहराने हे का मान्य केलं असेल? दया हे एक कारण. दुसरं कारण बहात्तरने शिकवलं होतं. गावात काम नसलं की माणसं मुंबईच्या फुटपाथवर येतात. गावातच काम मिळालं तर ती घर सोडत नाहीत, पोरांची शाळा सुटत नाही. गावच्या मोठ्या शेतकऱ्यालाही फायदा होता. पाझर तलाव झाला की त्याच्या खालच्या विहिरींना पाणी चढतं. आणि मजूर गाव सोडून गेला नाही, तर सुगीला तो हाताशी राहतो.

तरीही बोलणारे बोललेच. शहरात म्हणायचे, आमच्या कराचा पैसा खड्डे खणण्यात आणि बुजवण्यात जातो. गावात म्हणायचे, रोहयोमुळे मजूर माजले, शेतात यायला तयार नाहीत. तयार नाहीत म्हणजे काय? शेतातली मजुरी रोहयोच्या मजुरीपेक्षा कमी असेल, तर बाई का जाईल? ती दोन पैसे वाढवून मागू शकली, एवढंच झालं होतं. यालाच माज म्हणायचं असेल, तर भाव वाढेपर्यंत कांदा चाळीत ठेवणाऱ्याला काय म्हणायचं?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. योजनेत चोरी झाली. हजेरीपटावर गाव सोडून गेलेल्यांची नावं लागली, मेलेल्यांचीही लागली. कागदावर झालेला बांध जागेवर सापडेना. मजुरी आठवडे-आठवडे अडायची. पन्नास मजूर जमल्याशिवाय नवं काम उघडायचं नाही, या नियमामुळे वाड्यावस्त्यांवरच्या बायका ताटकळायच्या. १९८८ मध्ये मजुरीचे दर जवळजवळ दुप्पट झाले, पण नंतर कामं उघडतानाच हात आखडता घेतला गेला. पाळणाघर बहुतेक ठिकाणी कागदावर होतं. प्रत्यक्षात बाभळीला बांधलेली झोळी आणि एखादी म्हातारी, हेच पाळणाघर. नवराबायको जोडीने काम करायची आणि मजुरी पुरुषाच्या नावावर लागायची. बाईचा घाम दरात बरोबरीचा होता, पण हजेरीपटावर तिचं नाव नसायचं.

पण या सगळ्यात चोर कोण होता? खोटी नावं लिहायला हातात पेन लागतं. ते पाटी वाहणाऱ्या बाईच्या हातात नव्हतं. तरी योजनेचं नाव खराब झालं तेव्हा ते तिच्याच माथी आलं. "रोहयो म्हणजे काय, बसून पगार," असं लोक म्हणायला लागले. बसून पगार घेणारा वेगळा होता आणि उन्हात उभी असलेली वेगळी होती.

आणखी एक गोष्ट पाहा. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडून फळबाग योजना आली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीत आंबा, काजू, बोर, डाळिंब, चिकू लावायचं, खड्डे खणायची आणि झाडं जगवायची मजुरी योजनेतून मिळणार. छान योजना होती. माळरानं हिरवी झाली, कोकणात काजू-आंबा वाढला, दुष्काळी तालुक्यांत बोर-डाळिंब आलं. त्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ती ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्यासाठी होती. पैसा त्याच रोजगार हमीचा. बागवाल्याने घेतला तेव्हा त्याचं नाव अनुदान झालं. भूमिहीन बाईने मजुरी म्हणून घेतला तेव्हा त्याचं नाव फुकट झालं. बागेची फळं बागवाल्याच्या नावावर लागली. पाझर तलावाचं पाणी विहीरवाल्याच्या नावावर लागलं. तलाव जिने बांधला तिच्या नावावर काय लागलं?

म्हणून आम्ही म्हणतो, 'फुकट' हा शब्द नीट तपासून घ्यायला हवा. कोणी किती घेतलं, यापेक्षा कोणी घेतलं हे बघून हा शब्द वापरला जातो. खताची सवलत, विजेची सवलत, कर्जाची माफी, कारखान्याला स्वस्तात जमीन, हे सगळंही सरकारी तिजोरीतूनच जातं. त्यातलं काही गरजेचं असेल, काही नसेल. त्यावर जरूर बोलावं. पण एकाला मोजायला तागडी आणि दुसऱ्याला मोजायला डोळा, असं नको.

वर्षानुवर्षं रोजगार हमीच्या कामांवर निम्म्याच्या आसपास बायका होत्या. असं फार थोड्या सरकारी योजनांबद्दल सांगता येतं. काम घराजवळ होतं, दर बरोबरीचा होता आणि काम मागायला कुणाची ओळख लागत नव्हती. नवऱ्याने टाकलेली, विधवा, मूल लहान असलेली, अशा कितीतरी जणींनी या मजुरीवर घर चालवलं. पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पैसे घेतले ते कामावरच्या अंगठ्याने. आज बँकेच्या रांगेत सही करणाऱ्या बाईमागे तो अंगठा उभा आहे.

पुढे महाराष्ट्राचं हे बी देशभर पेरलं गेलं. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. तो २ फेब्रुवारी २००६ ला २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि २००८ पासून सगळ्या ग्रामीण भारतात गेला. कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम, किमान एकतृतीयांश बायका, १५ दिवसांत काम नाहीतर भत्ता. यातली कितीतरी कलमं विसापूरच्या प्रयोगाची आणि बहात्तरच्या खडीची आठवण करून देतात. तेव्हाही दिल्लीत आणि मुंबईत तेच प्रश्न विचारले गेले. एवढा पैसा कशाला? लोक आळशी होणार नाहीत का? शब्दसुद्धा फारसे बदलले नव्हते. टेंपलसाहेबांना ते ओळखीचे वाटले असते.

योजना येतात, नावं बदलतात, नियम बदलतात. पुढेही बदलतील. पण दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत.

पहिली, काम हवं असेल तर तोंडी मागू नका. ग्रामपंचायतीत लेखी मागणी द्या, आपल्याकडे त्याला नमुना ४ म्हणतात. आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. मागणीची तारीख कागदावर नसेल तर १५ दिवस मोजायचे कुठून? चार-पाच जणी मिळून गेलात तर आणखी बरं. टिळकांच्या काळी माहितीचा कागद गावात आणला म्हणून सभेची मान्यता गेली. आपल्याला तो कागद पंचायतीत मागून मिळतो. तो मागायला लाजायचं कशाला?

दुसरी, घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायांना विचारा. आजी, तुम्ही कुठल्या तलावावर होता? कुठला रस्ता केलात? किती मजुरी मिळायची? सोबत कोण होतं? पोराला कुठे ठेवायचात? बहात्तरला विशीत असलेल्या बाया आज सत्तरीच्या पुढे आहेत. कामांच्या नोंदी सरकारी दप्तरात आहेत, पण कामं करणाऱ्यांच्या आठवणी तिथे नाहीत. गावातल्या पाझर तलावावर बांधणाऱ्या खात्याचं नाव असतं, उद्घाटन करणाऱ्याचं असतं. पाट्या वाहणाऱ्यांची नावं तुम्हीच सांगू शकाल. ती वहीत लिहा, फोनवर आवाज टिपून ठेवा आणि आमच्याकडे पाठवा. याच वेळेला आम्ही ती एकेक करून वाचून दाखवू. गावाचं नाव, तलावाचं नाव आणि तो बांधणारीचं नाव.

आणि पुन्हा कुणी गिरणीत म्हणालं की बायकांना फुकट खायची सवय लागली, तर भांडू नका. एवढंच विचारा, "आपल्या गावचा तलाव कुणी बांधला, ठाऊक आहे का?"

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात रेशनकार्डाची गोष्ट सांगू.